डॉक्टर नसलेली

लीड्सच्या आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हाताशी आम्ही असतो. डॉक्टर नव्हे, रीतसर शिकून, परीक्षा देऊन टाके घालणारी माणसं. पेशंटला हे आधीच स्पष्ट सांगायचं, असा नियम आहे. ब्रॉनविन माझ्या हाताखाली शिकत होती. हर्नियाचे ॲक्रॉइड आजोबा तिला "डॉक्टर" म्हणाले आणि ती नुसती हसली. मला सणकच आली. वॉर्डाबाहेर मी तिला फैलावर घेतलं.

"घाबरलेत गं ते, डोरीन. डॉक्टर म्हटलं की त्यांना धीर येतो. कशाला उगाच?"

"खोट्यावर आलेला धीर नको मला. चल आत."

तोंड पाडून ती माझ्याबरोबर परत आली. "आजोबा, मी डॉक्टर नाही, डोरीनच्या हाताखाली शिकतेय. पण उद्या तुमचे टाके मी घालणार आहे."

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. "याआधी घातलेस का गं?"

"पुष्कळदा. आणि सर्जन शेजारीच असतात."

"चुकलं तर?"

"तर तिथेच थांबेन आणि त्यांना सांगेन."

"मग घाल, पोरी. डॉक्टर समजत होतो तोवर हे विचारायची हिंमत नव्हती."

तेवढ्यात सर्जन हॉलिस नेहमीसारखे घाईत आले आणि उभ्याउभ्याच संमतीची सही मागू लागले. आजोबांनी पेन घेतलं, पण टोपण काही काढलं नाही.

"आणि तुमचं चुकलं तर?"

हॉलिसनी एकदा आमच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली आणि बसले.