बॉनेटखालचा रंग

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं बायको म्हणते आणि गिऱ्हाइकं माना डोलावतात. तीन वर्षांपूर्वी तो राग मी जावयावर काढला. लेकीचा नवरा, माझ्याच गॅरेजमध्ये कामाला. त्याचे हात कोपरापर्यंत ऑइलने काळे असले तरी मी त्याला अहो-जाहोच करायचो.

रोपवाटिकावाल्या बाईंची पिकअप आली होती. वीस वर्षं जुनी. असल्या गाडीला कॉम्प्युटर जोडता येत नाही. दोन पिनांमध्ये वायरचा तुकडा खुपसायचा, किल्ली फिरवायची आणि डॅशबोर्डवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. मी मोजायचो, जावई लिहून घ्यायचा. त्या दिवशी दोन कोड आले. एक पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा, दुसरा हवेच्या.

"दोन्ही नवे टाका," मी म्हणालो.

"बाबा, दोन सेन्सर एकाच दिवशी कसे मरतील? दोघांचं अर्थिंग एकच आहे. आधी वायरी बघू या."

"मग तीस वर्षं काय मी इथे माशा मारल्या?"

त्याने नवे सेन्सर बसवले. मी बॅटरीची वायर काढून परत लावली. तसं केलं की जुने कोड पुसले जातात. दिवा विझला, आणि मी शहाण्यासारखे हात झटकले.

चौथ्या दिवशी रोपांनी भरलेली पिकअप चढावर बंद पडली. बाईंनी ती दोरीने ओढत आणली. दिवा पुन्हा तेच दोन आकडे मोजत होता. नवे सेन्सर चार दिवसांत जात नाहीत, म्हणजे ते नवे नव्हतेच, असा हिशोब मी उभ्या उभ्या केला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तीन गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "जुनेच पुसून बसवलेस ना? नवे कुठे विकलेस?"

 त्याने पाने जागच्या जागी ठेवले, हात धुतले आणि तो निघून गेला. महिन्याभरात लेकीने बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलवलं. ती वर्षातून दोनदा येते. एकटीच.

बाईंनीही गाडी नेली. ती रोपवाटिकेत एका कोपऱ्यात उभी राहिली. परवा त्या ती पुन्हा ओढत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एकदा शेवटचं बघा, नाहीतर भंगारात घालते."

मीच मोजलं, मीच लिहिलं. तेच दोन कोड. सेन्सर काढून मीटरवर धरले, तर दोन्ही ठणठणीत. दोन्हींवर भांडणाच्या सालीच बनवल्याचा शिक्का. नवेच होते. 

मग वायर धरून मागे मागे गेलो. इंजिनाच्या पाठीमागे बॉडीवर एक लहानसा बोल्ट, तिथे अर्थिंग. खोलला, तर खाली हिरव्या रंगाचा जाड थर. रंगातून करंट कुठून जाणार? बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जायचा, गाडीला धक्के बसले की तुटायचा. आणि रंग माझाच. त्या भांडणाच्या आदल्या महिन्यात बाई म्हणाल्या होत्या, बॉनेटखाली फार कळकट दिसतं. मी बोल्ट काढून हौसेने फवारा मारला आणि रंगावरूनच तो परत आवळला. पात्याने खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट पुन्हा बसवला, बॅटरीची वायर काढून लावली, गाडी सुरू केली. दिवा गप्प. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

बाई खुशीत गाडी घेऊन गेल्या. मी हातसुद्धा न धुता लेकीला फोन लावला आणि म्हणालो, "त्यांना दे."

तिने फोन त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "बोला, बाबा."

मी सगळं सांगितलं. बोल्ट, रंग, शिक्का. म्हणालो, "जावईबापू, तुम्ही बरोबर होता. चूक माझी. माफ करा. घरी या."

"गाडी नीट झाली ना? बरं झालं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाशी मला वागता येतं. "एक विचारू, बाबा? तो बोल्ट सापडला म्हणून तुम्ही फोन केलात. नसता सापडला, तर?"

मला खोटं बोलवेना. आणि खरं काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"ठेवतो," तो म्हणाला. "तब्येत सांभाळा."