लॉरेन्स अंकलचा कान आणि मी

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. पण इंजिन म्हटल्यावर लगेच रेल्वे डोळ्यांपुढे आणू नका. मी तुमच्या मुठीत मावेन एवढाच आहे. रिमोटवर पळणारी शर्यतीची छोटी मोटार तुम्ही पाहिली असेल, तिच्या पोटात मी बसतो. आता "हात्तिच्या, खेळण्यातले इंजिन!" म्हणून नाक मुरडू नका. ऐन उमेदीत मी मिनिटाला तीस हजार फेरे मारत असे. तुमच्या बाबांच्या स्कूटरला एकदा विचारून पाहा, तिला किती जमतात ते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात पितळेची एक नळी आहे आणि त्या नळीत पिस्टन वरखाली करतो. ही नळी वरच्या टोकाला केसभर अरुंद असते. त्यामुळे नव्या, थंड इंजिनात पिस्टन वर गेला की अडकतो. कारखान्यातल्या लोकांनी हे मुद्दाम केलेले असते. मी तापलो की नळी फुगते आणि मग दोघांचे छान जमते. पण ते जमेपर्यंत मला फार जपावे लागते. नवी चप्पल पहिल्या दिवशी चावते ना, तसेच. कोणी मला थंड असताना खसाखस फिरवले किंवा पहिल्याच दिवशी भरधाव पळवले, तर मी जन्मभराचा अधू होतो.

माझा मालक कौस्तुभ. तो विरारला राहतो आणि अंधेरीला एका विमा कंपनीत नोकरी करतो. वर्षभर मन मारून त्याने मला विकत आणले आणि खोके न फोडताच गास गावी लॉरेन्स अंकलकडे नेले. नवे इंजिन हळूहळू चालवून मुरवायचे असते, याला शर्यतवाले ब्रेक-इन म्हणतात. ते काम वसई-विरारमध्ये लॉरेन्स अंकलसारखे कोणी करत नाही, असा त्यांचा लौकिक होता. अंकलनी तीस वर्षे वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवली होती. निवृत्तीच्या आधीपासूनच त्यांना या छोट्या इंजिनांचा नाद लागला. ते इंजिनाला कान लावत आणि स्क्रू किती फिरवायचा ते सांगत. त्यांना मापकाची गरज पडत नसे.

पण मी पोहोचलो तेव्हा त्या लौकिकाला तडा गेला होता. त्या वर्षी अंकलनी तयार केलेली दोन इंजिने शर्यतीत जळाली होती, एक ऑस्टिनचे आणि एक ज्युडचे; दोघेही कौस्तुभसारखेच शर्यतवाले. कोणी म्हणे इंधनात भेसळ होती, कोणी म्हणे ऊन फार होते. अंकलच्या तोंडावर कोणी काही बोलत नव्हते, पण इंजिने दुसरीकडे जाऊ लागली होती. कौस्तुभलाही मित्रांनी सांगितले होते, "अंकलकडे देऊ नको, रिस्क आहे." तरी त्याने मला त्यांच्याच हातात ठेवले.

"अंकल, तुम्हीच करायचं. मला सगळं तुम्ही शिकवलंय."

अंकलनी मला तळहातावर घेऊन वजन केले आणि म्हणाले, "हे पन जळलं ना कौस्तुभ, तर मी स्क्रूड्रायव्हर ठेवून देनार. मग केळींना पानी घालत बसनार." ते हसत बोलले, पण बोलता बोलता त्यांची मूठ माझ्याभोवती आवळली. 

मग माझे लाड सुरू झाले. अंकलच्या घरामागे केळीची वाडी आहे. तिथे चिकूच्या झाडाखाली विटांवर जुने दार आडवे टाकून त्यांनी टेबल केले होते. त्यांची मुलगी रिचेल लग्न होऊन दुबईला गेली, तिचे केस वाळवायचे यंत्र मागे राहिले होते. त्याच्या गरम वाऱ्याने अंकल मला आधी ऊब देत. मग इंधन. मित्रांनो, माझ्या इंधनात एरंडेल असते. तुम्हाला चमचाभर दिले तर तुम्ही घर डोक्यावर घ्याल, मी मात्र टाकीभर पितो आणि खूश असतो.

दोन मिनिटे मला चालवायचे, बंद करायचे आणि पिस्टन तळाशी आणून ठेवायचा, म्हणजे थंड होताना तो अरुंद जागी आवळून बसत नाही. पूर्ण थंड झालो की पुन्हा ऊब आणि पुन्हा दोन मिनिटे. ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ चालू होता. अंकल आणि त्यांच्या पत्नी रीटा आंटी, दोघांनी चाळीस दिवस मांस सोडले होते. उपवास फक्त मला नव्हता. मला उलट गरजेपेक्षा जास्त पाजत होते, कारण त्या इंधनातल्या तेलानेच माझे अंग ओरखडा न पडता मुरते. मी पांढराशुभ्र धूर सोडत, गुरगुरत, सुस्तावून चालत असे. एवढे सुख मला पुन्हा कधी मिळाले नाही.

ईस्टर झाला. पुढच्या रविवारी वालीवला शर्यत होती. गुरुवारी सकाळी अंकलनी मला कौस्तुभच्या शर्यतीच्या मोटारीत बसवले आणि म्हणाले, "चल, आता तुझा गळा मोकळा करू."

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. माझ्या डोक्याशेजारी एक छोटा स्क्रू आहे, त्याला नीडल म्हणतात. तो उघडला की इंधन जास्त येते, मी थंड राहतो, पण सुस्त पळतो. तो आवळला की इंधन कमी येते, मी जोरात पळतो, पण तापतो. फार आवळला तर इंधनाबरोबर तेलही कमी पडते आणि मी आतून जळून जातो. आवळत जाताना माझा आवाज बारीक आणि उंच होत जातो. धोक्याच्या हद्दीवर तो किंचाळीसारखा होतो. ती किंचाळी ऐकून थांबायचे, यातच सगळी कला आहे.

अंकलनी नीडल थोडी आवळली. माझा आवाज खुलला. अजून थोडी आवळली. मी रंगात आलो, मागे धुराची बारीक रेघ सुटू लागली. झाले, इथेच थांबायचे होते! पण अंकलनी मान वाकडी करून कान लावला आणि पुटपुटले, "आजून दबलेलं वाटतं." त्यांनी पुन्हा आवळली. माझी धुराची रेघ गेली. मी किंचाळलो. अंकल पुन्हा म्हणाले, "दबलेलंच हाय," आणि स्क्रूड्रायव्हर परत माझ्याकडे आला. मित्रांनो, मी खरेच घाबरलो. ज्या हाताने मला मुरवले, तोच हात मला जाळत होता आणि मी जिवाच्या आकांताने ओरडत असूनही त्या भल्या माणसाला काही ऐकू येत नव्हते.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून रीटा आंटी धावत आल्या. त्यांच्या हातात भांडी पुसायचा ओला फडका होता. तो त्यांनी सरळ माझ्या सायलेन्सरच्या तोंडात कोंबला. मी गुदमरून बंद पडलो आणि वाचलो.

"का बंद केलंस?" अंकल संतापले.

"अवो, किंचाळत होतं ते! तुम्हाला ऐकू नाय आलं?"

"काय किंचाळनार? पार दबलेलं होतं."

 आंटी फडका हातात पिळत म्हणाल्या, "काल कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. तुम्ही बाजूला बसून मला विचारत होता, भात कधी लावनार. रिचेलचा फोन आला की नेटवर्क नाय म्हनता आनि माझ्या हातात देता. नेटवर्क चांगलं असतं."

अंकल रागाने उठले, दोन पावले गेले आणि परत येऊन बसले. त्यांनी बोट ओले करून पाण्याचा थेंब माझ्या डोक्यावर टाकला. थेंब टेकताक्षणीच चर्रकन उडून गेला. चांगल्या इंजिनावर तो दोन-तीन सेकंद उकळत राहतो. अंकल त्या कोरड्या जागेकडे बघत राहिले.

"म्हनजे ऑस्टिनचं आनि ज्युडचं," ते हळूच म्हणाले, "मीच जाळलं."

वय झाले की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. माणसांचे बोलणे बरेचसे कळते, म्हणून ज्याचे त्याला समजत नाही. अंकलना माझी गुरगुर ऐकू येत होती, किंचाळी नाही. त्यामुळे मी जितका ओरडे, तितका त्यांना शांत वाटे आणि ते अजून आवळत. बिचारे माझे भलेच करू पाहत होते.

आंटींचे डोळे भरून आले. "मला वर्षभर कळत होतं. तुम्हाला वाईट वाटंल म्हनून बोलले नाय. तवाच बोलले असते तर ती दोन इंजिनं वाचली असती."

 त्या संध्याकाळी अंकलनी कौस्तुभला बोलावून घेतले, जे झाले ते सगळे सांगितले आणि मला त्याच्यापुढे ठेवले. "दुसऱ्या कोनाकडे ने. माझ्याच्यानं आता होनार नाय."

कौस्तुभने मला हातात घेतले, पण तो जागचा हलला नाही. "अंकल, रविवारी रेस आहे. दुसऱ्या कोणाकडे कसं नेऊ? आणि न्यायचंच नाहीये मला यार."

"मी ऐकते, तुम्ही फिरवा," आंटी म्हणाल्या.

अंकलनी वर पाहिले. "तुला इंजिनातलं काय कळतं?"

"इंजिनातलं कायपन नाय कळत. पन बरोबर कधी होतं ते कळतं. पंधरा वर्सं भाकऱ्या थापताना तेच ऐकतेय मी. बरोबर झालं की तुम्ही शीळ घालत जेवायला येता. त्याच्या आधीचा आवाज मला पाठ हाय."

अंकलनी मला कौस्तुभच्या हातून परत घेतले आणि आंटींच्या पुढ्यात ठेवले. नवरा-बायकोच्या संसारात इंजिनाने नाक खुपसू नये, पण खरे सांगतो, त्या वेळी मला फार बरे वाटले.

शुक्रवारी सकाळी मला पुन्हा ऊब मिळाली. अंकलच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, आंटी डोळे मिटून शेजारी बसल्या होत्या. अंकल फिरवत, आंटी मान हलवत. एकदा त्यांनी पटकन हात वर केला. अंकलनी नीडल किंचित मागे घेतली आणि पाण्याचा थेंब टाकला. थेंब माझ्या डोक्यावर मजेत उकळत राहिला.

रविवारी सकाळची चर्चमधली मिस्सा आटोपून दोघे वालीवला आले. तिथे कारखान्यांमागच्या मोकळ्या जागेत मातीचा ट्रॅक आहे. धूळ बसावी म्हणून त्यावर पाणी मारले होते. अंकलशेजारी आंटी प्लॅस्टिकचे स्टूल टाकून बसल्या, तेव्हा कोणीतरी हसले, "आज आंटी पण टीममध्ये?" अंकल तिकडे न बघता ऑस्टिन आणि ज्युड उभे होते तिथे गेले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इंधन चांगलं होतं. ऊन पन नडलं नाय. तुमची इंजिनं मी जाळली. माझा कान गेलाय, मला कळलं नाय. माफ करा."

 मोठ्या माणसाला असे सगळ्यांपुढे कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ज्युड मान खाली घालून बुटाने माती उकरत राहिला. त्या दिवशी तरी त्याचा राग गेला असेल, असे मला वाटत नाही. ऑस्टिन मात्र पुढे आला आणि त्याने अंकलचा हात धरला.

शर्यत अर्ध्या तासाची होती. मी कौस्तुभच्या रिमोटवर जीव तोडून पळत होतो. पंधरा मिनिटे झाली, ऊन चढले आणि माझा आवाज बारीक होऊ लागला. इतर इंजिनांच्या गदारोळातून आंटींनी तो नेमका ओळखला. "आपलं वर चाललंय," त्या म्हणाल्या. कौस्तुभने लगेच गाडी इंधनाला आत घेतली. अंकलनी नीडल जराशी उघडली. तिथे आमचे काही सेकंद गेले आणि पहिला नंबर निसटला. आम्ही तिसरे आलो. मी धडधाकट होतो आणि माझ्या मागे धुराची रेघ होती.

संपल्यावर ऑस्टिन एक नवे खोके घेऊन आला. अंकलनी हात पुढे केला, पण त्याने ते आंटींच्या मांडीवर ठेवले. "आंटी, हे तुमच्याकडे. अंकलना फक्त स्क्रू फिरवू द्या." सगळ्यांत मोठ्याने अंकलच हसले.

त्यानंतर मी सात वर्षे शर्यती पळालो. माझी नळी झिजली, पिस्टन सैल झाला. मग कौस्तुभने मला अंकलनाच देऊन टाकले. आता मी त्यांच्या घरी फळीवर असतो. अंकलनी कानाचे यंत्र घेतले आहे. नवे इंजिन चालू करताना ते यंत्र काढून ठेवतात, म्हणतात त्यात गोंगाट फार येतो. मला वाटते, शेजारी आंटी बसाव्यात म्हणून काढत असावेत. ज्युडही गेल्या वर्षी आपले इंजिन घेऊन आला. मला अजून महिन्यातून एकदा दोन थेंब तेल मिळते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखे एखादे यंत्र असेल तर त्याची धूळ पुसा, काम झाल्यावर त्याला तेल द्या आणि नवे असताना घाई करू नका. एवढे तुम्ही कराल याची मला खात्री आहे. माझे खरे मागणे दुसरे आहे. तुमच्या घरी कोणी आजोबा टीव्हीचा आवाज वाढवत असतील, कोणी आजी एकच गोष्ट दोनदा विचारत असेल, तर त्यांना हसू नका, त्यांच्यावर खेकसू नका. त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्पही राहू नका. त्या गप्प राहण्यात माझे दोन भाऊ जळाले आणि मीही थोडक्यात वाचलो. जवळ जाऊन बसा, हातावर हात ठेवा आणि सांगा. त्यांना ऐकू येईल.