दोन्काच्या सत्काराचा कागद

साडेदहा झाले तरी रादोयचा मिस्ड कॉल नाही. दोन्का स्वतःच्या सत्कारासाठी सभागृहात पहिल्या रांगेत बसली होती, नवा ब्लाउज, केस सेट केलेले, आणि जीव सगळा मांडीवरच्या फोनमध्ये.

रादोय दोन वर्षांत कधी चुकला नव्हता. खाण बंद पडली, पाठोपाठ बायको गेली, आणि एका हिवाळ्यात शेजाऱ्यांनी त्याला त्याच्याच अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावरून ओढून काढलं. तेव्हा दोन्काने त्याच्याशी ठरवून घेतलं, की रोज सकाळी आठला एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचं. बोलायची सक्ती नाही. रिंग आली म्हणजे माणूस आहे. आज तिनेच चारदा फोन लावला होता. नुसता वाजत होता.

"प्लामेन, मी वरच्या आळीत जाऊन येते रे."

नगरपालिकेचा प्लामेन घामाघूम झाला होता. "मावशी, अहो टीव्हीवाले आलेत! तुमचं दुसरंच नाव आहे. दहा मिनिटं बसा की."

बसली बिचारी. अकरा वर्षं ती आणि बाकीचे चार जण गावातल्या मोडलेल्या मनांच्या दारोदार हिंडले, "वेड्यांच्या मावश्या" म्हणून टोमणे खाल्ले, आणि आता गावाला एकदम त्यांचा पुळका आला होता.

तेवढ्यात दारात डोब्रा म्हातारी उगवली. अंगावर काळे कपडे, हातात मेणबत्ती आणि कार्नेशनची चार फुलं. जिवंत माणसाला तिथे कुणी सम संख्येत फुलं देत नाही, ती मेलेल्यासाठी. दोन्का दिसताच म्हातारीने भराभरा छातीवर क्रूसाची खूण केली आणि ती किंचाळली, "अगं बये! तू तर मेलीस ना!"

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणेल? तुझा कागद लागलाय की! ब्रेडच्या दुकानापाशी, खांबावर. काळी चौकट, तुझा फोटो. मी चर्चमध्ये जाऊन आले, तिथे कुणाला काही पत्ताच नाही, म्हणून इकडे विचारायला आले!"

दोन्काने प्लामेनकडे पाहिलं. प्लामेन पायाकडे बघत होता.

"तुम्हा पाचही जणांचे सत्काराचे कागद छापताना रंगीत शाई संपली होती, मावशी. आणि छापखान्यात ती चौकट तयारच होती, म्हणून... पण वर 'कृतज्ञतापूर्वक' असं लिहिलंय हो मोठ्या अक्षरात!"

"अरे गाढवा, मेलेल्याच्या कागदावर दुसरं काय लिहितात?"

गावात कुणी गेलं की असाच काळ्या चौकटीचा कागद खांबावर लागायचा. आणि तो वाचतो कोण? चेहरा बघायचा, नाव बघायचं, क्रूसाची खूण करायची आणि पुढे चालू लागायचं. गावात लहान पोरसुद्धा असंच करतं. नगरपालिकेतल्या शहाण्यांना तेवढं सुचू नये? रांगेतल्या बाकी चौघांनीही आपापल्या माणसांना लावायला घाईघाईने फोन काढले.

ब्रेडचं दुकान रादोयच्या घराखालच्या उतारावरच होतं. तो रोज सातला तिथे उतरायचा.  दोन्का उठली आणि प्लामेनला दंडाला धरून गाडीकडे घेऊन गेली.

"मावशी, मला खरंच वाटलं नव्हतं हो..."

"बोलू नकोस. गाडी चालव."

रादोयचं दार उघडं होतं. अंथरूण नीट घडी घातलेलं, टेबलावर फोन, त्यावर तिचेच चार कॉल. दोन्का मागच्या अंगणात धावली. विहिरीचं झाकण बाजूला सरकवलेलं होतं.

"रादोय! रादोय रे!"

आतून तिचाच आवाज परत आला. प्लामेनने मोबाइलचा उजेड टाकला. काळं पाणी, त्यावर दोन पानं, आणखी काही दिसेना. त्याने अग्निशामक दलाला फोन लावला. दोन्का कठडा धरून उभी राहिली आणि देवाला चक्क शिव्या देत राहिली.

कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. दोन्काला पाहून तिची बोबडीच वळली.

"मेले नाहीये मी! रादोय कुठेय?"

"तो... नवाच्या सुमाराला गेला. काळा कोट घालून. व्हेलिकाच्या बोळात वळला."

व्हेलिका! मुलगा गेल्यापासून अकरा महिने दार लावून बसलेली बाई. दोन्का दर बुधवारी रादोयच्या दारावरूनच तिच्याकडे जायची, आणि दोन्काशिवाय ती कुणाला आत घेत नसे. आज बुधवारच होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात रादोय काळ्या कोटात, बाह्या वर सारून, भाजलेल्या मिरच्या सोलत बसला होता. समोर व्हेलिका.

"काय गं, उतरला का ताप?" व्हेलिका म्हणाली. "रादोय सांगत होता, अंथरुणाला खिळलीयस म्हणून."

रादोयच्या हातातली मिरची गळून पडली. तो उठला, दोन्काचा दंड दोनदा चाचपला आणि तिला ओढतच बाहेर पायरीवर घेऊन आला.

"तुझा कागद पाहिला मी, ताई."

"सत्काराचा होता रे तो."

"सत्कार?" नगराध्यक्षा, छापखानेवाला, प्लामेन, सगळ्यांच्या सात पिढ्या त्याने उद्धरल्या. मग खाली बसून ढसाढसा रडला.

दोन्का त्याच्या शेजारी बसली. आडवळणाने विचारायची तिची रीतच नव्हती. "विहिरीचं झाकण तू काढलंस?"

"हो."

"मरायलाच?"

"हो." त्याने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. "एक पाय वर ठेवला होता. मग डोक्यात आलं, आज बुधवार. ही तुझी वाट बघत बसणार. हिला कुणीतरी सांगायला नको का? म्हणून आलो. आणि हिने दार उघडल्यावर तोंडातून शब्दच फुटेना. ताप आलाय म्हणालो. हिने मिरच्या पुढ्यात ठेवल्या."

दोन्काला रडू आवरेना. दुसऱ्यांच्या घरी ती कधी रडली नव्हती. आज पायरीवर बसून हमसून हमसून रडली. बोळाच्या तोंडाशी प्लामेनचा फोन वाजत होता. सभागृहात तिचं नाव पुकारलं होतं म्हणे.

"झाकणाला आजच कुलूप लावते," ती शेवटी म्हणाली.

"लाव. किल्ली तुझ्याकडे ठेव." रादोय उठला, कोट झटकला. "आणि उद्या गुरुवार. गुरुवारी कुणाकडे जातेस ते सांग मला."