मागची घरघर

मित्रांनो, मी एक जुना, स्वस्तातला हेडफोन आहे. डोक्यावर बसणारी एक पातळ पट्टी, तिच्या दोन टोकांना स्पंजच्या दोन चकत्या आणि एक लांब वायर, एवढाच माझा पसारा. माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून पोत्यात भरून, या गाडीतून त्या गाडीत आदळत मी बंगालातल्या शिलिगुडीला आलो आणि तिथल्या हाँगकाँग मार्केट नावाच्या बाजारात, मन्जू छेत्रीच्या दुकानात एका खिळ्यावर लटकलो.

तिथेही मला स्वस्थता नव्हती. दिवसभर कुणी ना कुणी मला खिळ्यावरून काढी, कानाला लावी, तोंड वाकडं करी आणि परत टांगून ठेवी. "दिदी, यात दमच नाही. गाणं लागलं की छाती हादरली पाहिजे!" माझ्या शेजारचे लाल-निळे दिवे लागणारे हेडफोन भराभर विकले जात. आपल्यात काय कमी आहे, हे मला कळत नसे. पंख्याच्या वाऱ्याने मी नुसता हलत राही.

एका दुपारी तनिमा शिकदार दुकानात आली. तिशीची असेल. घामाघूम झाली होती आणि एक डोळा सतत फोनमधल्या घड्याळाकडे होता.

"स्वस्तातला दाखवा," ती म्हणाली, "पण खरं बोलणारा हवा."

मन्जू हसली. "बहिनी, खरं बोलणारा नवरा मिळत नाही, हेडफोन कुठून आणू?"

तनिमा हसली नाही. कोलकात्याचे सौगतदा गोष्टी कुणाकुणाकडून वाचून, रेकॉर्ड करून घेत आणि लोकांना ऐकवत. त्यांच्यासाठी तिने घरीच फोनवर एक गोष्ट वाचून पाठवली होती आणि ती परत आली होती. "आवाज गोड आहे, पण मागे घरघर आहे. दुर्गापूजेच्या आधी स्वच्छ करून पाठवा, नाहीतर दुसरी कुणी बघतो," असा निरोप होता. तिने कान फुटेस्तोवर ऐकलं, पण तिच्या इयरफोनमध्ये घरघर काही सापडेना. हे काम गेलं तर साडीच्या दुकानात नोकरी धरावी लागणार होती आणि मग आजारी वडिलांजवळ दिवसभर कुणी उरणार नव्हतं.

तिने आपलंच वाचन लावून एकेक हेडफोन तपासला. "यात मी विहिरीत पडल्यासारखी वाटते." "यात तर मला सर्दी झालीय." शेवटी मन्जूने कंटाळून मला काढून दिलं. मित्रांनो, मी माझ्या पदरचं काही घातलं नाही आणि काही झाकूनही ठेवलं नाही. जे होतं ते दिलं. तनिमा एकदम थबकली. तिचे शब्द आणि त्या शब्दांच्या खाली एक बारीक, अखंड घरघर.

"आहे! खरंच आहे!" ती ओरडली. "हाच द्या."

"घरघर ऐकू येते म्हणून हेडफोन घेणारी तू पहिलीच," असं म्हणत मन्जूने मला कागदात गुंडाळलं. इतक्या कानांनी नाकारल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाला तरी हवासा वाटलो, याचा मला आनंद झाला. पण तो फार टिकला नाही.

घराच्या दारात पाऊल टाकताच तनिमाला त्या घरघरीचा उगम समजला. तिचे वडील अधीरबाबू यांनी चहाच्या कारखान्यात उभा जन्म चहाची धूळ गिळली होती. आता त्यांची छाती साथ देत नव्हती. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन चाले आणि त्याची नळी नाकाला लावून ते बसून असत. त्यांची खोली आणि तनिमाची खोली यांच्यामध्ये फक्त फळ्यांची भिंत होती. मशीनची सवय इतकी झाली होती की तिच्या कानांना तो आवाज आवाज वाटतच नव्हता.

तिने दबक्या आवाजात सौगतदांना फोन केला. "दादा, कारण सापडलं. पण ते बंद करता येणार नाही. काहीतरी वाट काढते."

फळ्यांपलीकडे अधीरबाबूंनी ते ऐकलं. संध्याकाळी मुडी, म्हणजे कुरमुरे, खाता खाता ते म्हणाले, "मा," लेकीला ते लाडाने अशीच हाक मारत, "मी काही दिवस तुझ्या मावशीकडे जाऊन राहू का?"

"बाबा, गुपचूप खा," तनिमा म्हणाली.

त्यांनी मुडीची वाटी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनिमाने दारंखिडक्या लावल्या, भिंतीला रजई टांगली, फोनला चिमट्याचा छोटा माईक आणि मला जोडलं. ती वाचायला लागली की तिचा आवाज लगेच माझ्यातून तिच्याच कानात पोचे. रजईने काही फरक पडला नव्हता. घरघर होतीच. ती तरीही चिडून वाचत राहिली.

आणि मध्येच घरघर थांबली.

काय सांगू, मित्रांनो! तिचा आवाज स्वच्छ काचेसारखा झाला. शब्दाशब्दाची कड दिसू लागली. तनिमाचा चेहरा उजळला. तिने एक परिच्छेद वाचला, दुसरा वाचला. मला मात्र ती शांतता खुपत होती. मला ओरडता येत नाही. मी फक्त ती शांतता जशीच्या तशी तिच्या कानात ओतत राहिलो.

तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर तिचा शब्द तुटला. "बाबा?"

मला डोक्यावर घेऊनच ती धावली. वायर फोनसकट फरफटत आली. अधीरबाबू खाटेच्या कडेला वाकून बसले होते. ओठ निळे पडले होते, एक हात मशीनच्या बटणावर होता. तिने तो हात झटकला आणि मशीन चालू केलं. त्या वेळी ती घरघर आम्हा दोघांनाही किती हवी होती!

बऱ्याच वेळाने त्यांना बोलता आलं. "तेवढं पान... होऊ द्यायचं होतं गं."

"पान?" तनिमा किंचाळली. "तुम्हाला काही झालं असतं तर ते पान चुलीत घालू का मी?"

"रागावू नकोस, मा. तुझ्या आड यायचं नाही मला."

"आड कसले येता? तुम्हाला सोडून जावं लागू नये म्हणूनच तर हे वाचते मी!" आणि ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. मी तिच्या मानेवर घसरलो होतो. तिचे हुंदके मी अगदी जवळून ऐकले.

दुपारी डोळे पुसून ती उठली. डॉक्टरांना विचारून तिने लांब नळी आणवली. माईक हातात धरून, मला कानांवर चढवून ती घरभर घरघरीचा माग काढू लागली. मशीन इथे ठेव, तिथे ठेव, परत ऐक. जमिनीतून येत होती, खाटेच्या पायातून येत होती, फळ्यांतून येत होती. शेवटी मशीन मागच्या मोकळ्या ओट्यावर, जुन्या गादीच्या तुकड्यावर विसावलं. अधीरबाबू खाटेवरून हुकूम सोडत होते, "अगं, डावीकडे सरकव! नाही, तुझ्या डावीकडे!"

घरघर खूप उतरली, पण गेली नाही. तनिमाने नव्याने वाचलं आणि सौगतदांना कळवलं, "थोडी राहिली आहे. ती जाणार नाही. चालत असेल तर सांगा."

उत्तर येईना. ती फोन उचले, ठेवी, मला कानाला लावी, काढी. चहा निवून जाई. अखेर निरोप आला, "कुठली घरघर? छान झालंय. पुढचा भाग पाठवा."

तनिमाने लगेच तेच वाचन परत ऐकलं. तिला ती ऐकू येत होती. मलाही.

आता मी म्हातारा झालो आहे. तुटलेली वायर दोनदा डाग देऊन जोडली आहे. पण माझ्या चकत्या सारख्या झिजलेल्या नाहीत. डावा स्पंज झिजून त्याचा भुगा झाला आहे आणि उजवा जवळजवळ नवा आहे. त्या दिवसापासून तनिमा उजवी चकती कानामागे सरकवून वाचते. तो उघडा कान बाबांचा.

मित्रांनो, माझ्यासारख्या स्वस्त हेडफोनलाही नीट जपा, वायर ओढू नका, घाम पुसून ठेवा. आणि कानात कितीही गोड काही चालू असलं, तरी घरातला रोजचा एखादा आवाज अचानक थांबला, तर आम्हाला काढून फेका आणि आधी उठून बघा.