भोंग्याची जिलेबी

कारखान्याचा धोक्याचा भोंगा वाजला की माणसं लांब पळतात, असं आपण समजतो. खडकवस्तीची माणसं मात्र भोंगा ऐकला की तोंडावर पाणी मारून, केस विंचरून, ठेवणीतलं लुगडं नेसून थेट कारखान्याकडं चालायला लागायची. त्यांना तसं शिकवलं होतं, आणि शिकवणारी होती रिबेका.

रिबेका मूळची शिरूरची. वडील अब्राहाम सर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. पोरगी दौंडला खोली घेऊन राहते आणि एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, हे सर रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात ज्याला त्याला सांगत. पोरगी होतीच गुणाची. कारखाना तसा लहान. माल थंड करायला तिथं अमोनिया वापरत. शेजारच्या वस्तीला घेऊन धोक्याची तालीम करा, अशी एवढ्याशा कारखान्याला कायद्याची सक्ती नव्हती. पण केमिकलवाल्यांच्या एका संघटनेनं आपखुशीचा कार्यक्रम काढला होता. सुरक्षितता, पर्यावरण, शेजारधर्म सगळं स्वतःहून पाळायचं, आणि जो पाळेल त्यानं आपल्या पाटीवर, टँकरवर संघटनेचं चिन्ह मिरवायचं. "कायदा सांगतो म्हणून नाही, आम्ही मनापासून करतो," हे रिबेकाचं आवडतं वाक्य. प्रत्येक भाषणात ते यायचं, आणि म्हणताना तिला खरोखरच बरं वाटायचं.

पहिल्या वर्षी तिनं जो आराखडा केला तो अगदी बरोबर होता. वारा बहुतेक पश्चिमेचा. गळती झालीच तर वायू गेटावरून पुढं जाणार. म्हणून भोंगा वाजला की वस्तीनं गेटाकडं न फिरकता, उत्तरेला जिल्हा परिषदेच्या शाळेकडं जायचं. पण तालीम बघायला पुण्याहून पाहुणे येणार होते. शाळा लांब, रस्ता कच्चा, मंडप घालायला धड जागा नाही, कॅन्टीनचा चहा तिथवर नेईपर्यंत गार होणार. शिवाय शाळेपाशी काढलेल्या फोटोत कारखान्याची पाटी आली नसती. कारखान्याचे साहेब नुसतं "बघा काहीतरी" म्हणाले. गेटासमोर जमवू या, हे रिबेकाच्याच तोंडून निघालं. तालीमच तर आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. खरी वेळ आली तर शाळेकडं जा म्हणून सांगू. वेळ काही सांगून येत नाही, हे दुसऱ्यांना शिकवण्याचाच तर ती पगार घेत होती.

तालीम झकास झाली. गेटासमोर मंडप, खुर्च्यांच्या रांगा, येईल त्याला सामोसा, चहा आणि गरम जिलेबी. रिबेका मेगाफोनवरून "पळा, पळा, जीव वाचवा" ओरडायची आणि माणसं हसत हसत पळायची. फोटो सुरेख आले, चिन्हही मिळालं. मग दर वर्षी तेच. वस्तीत या तालमीला नावच पडलं, भोंग्याची जिलेबी. पाटसच्या बाजारात बायका रिबेकाला अडवून विचारायच्या, "मॅडम, यंदा भोंगा कवा हाय?" मागच्या वर्षी तर भाषणाच्या भरात ती म्हणून गेली, "पुढच्या वेळी आम्ही आधी सांगणार नाही हं. एकदम वाजवणार. बघू कोण तयार असतं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

यंदा जानेवारीत, भर सकाळी, कारखान्यातल्या अमोनियाच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह फुटला. रिबेकानं क्षणाचाही विचार न करता भोंग्याचं बटण दाबलं. कामगार बाहेर काढले. दोघं जण मास्क चढवून व्हॉल्व्ह बंद करायला आत गेले, पाण्याचे फवारे सुरू झाले. त्या दिवशी तिनं जे जे केलं त्यात खोट काढायला जागा नाही. मग ओली ओढणी नाकाला धरून ती गेटावर आली.

अख्खी वस्ती येत होती. पुढं माजी सरपंच आनंदराव आप्पा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. मागं बायका, कडेवर लेकरं. धुरपदाआजी सून नीलमचा हात धरून लगबगीनं निघालेली. आणि गेटाच्या अलीकडं पांढुरकं धुकं जमिनीलगत त्यांच्याच दिशेनं सरकत होतं.

"मागं फिरा!" रिबेका ओरडली. "इकडं येऊ नका! खराच गॅस सुटलाय!"

माणसं हसली. "मॅडम यंदा लई भारी करत्यात," कोणीतरी म्हणालं. "डोळ्यातनं पानीबी काढलंय बघा."

तिच्या डोळ्यांतून पाणी येतच होतं, अमोनियानं. ती पुढं धावली. आनंदरावांसमोर हात जोडले. "आप्पा, खरं सांगते. तुमच्या पाया पडते. माणसं मागं न्या."

"मागल्या वर्सीबी हात जोडलं व्हतं तुम्ही," आनंदराव कौतुकानं म्हणाले. "पर काय बी म्हना, भोंगा वाजला आन् आमी आलो का न्हाई? सांगा तुमच्या सायबाला, खडकवस्ती तयार हाय."

आता काय करावं? खरं सांगून कोणी ऐकत नव्हतं. याच आवाजात इतकी वर्षं नाटक ऐकवल्यावर त्यांनी फरक ओळखायचा तरी कशावरून? मागच्या रांगेत कोणीतरी खोकायला लागलं. नीलमनं पदर नाकाला लावला. रिबेकानं एकदा धुक्याकडं पाहिलं, आणि मग आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी शरम गिळून, भसाड्या आवाजात ओरडली :

"अहो, जिलेबी शाळेत आहे यंदा! इथं काही नाही! शाळेत चला, उशीर केला तर संपेल!"

लोक तत्काळ वळले.

"व्हय का? आधी सांगायचं की!" म्हणत बायका लेकरांना घेऊन उत्तरेकडं सुटल्या. जीव वाचवायला जी माणसं एक पाऊल मागं घेत नव्हती ती जिलेबीसाठी पळाली. कोणी म्हणेल, खेडवळ माणसं, खादाड. तसं म्हणायची कोणाची टाप नाही. भोंगा म्हणजे जिलेबी हे त्यांना शिकलेल्या माणसांनी शिकवलं होतं, बोधचिन्ह लावून. रिबेका सगळ्यात शेवटी, मागं राहिलेल्यांना ढकलत, ओढत शाळेत पोचली. नीलमला तिनं आणि धुरपदाआजीनं दोन्हीकडून धरून आणलं. पोरीला धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते.

शाळेच्या व्हरांड्यात वस्ती रांगा धरून बसली. डोळे चोळत, खोकत, जिलेबीची वाट बघत. मग लाल दिव्याची गाडी आली, डॉक्टर उतरले, नीलमच्या तोंडावर ऑक्सिजन लावून तिला गाडीत घातलं. गाडी दौंडच्या रस्त्याला लागली तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं की हे नाटक नाही.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. व्हॉल्व्ह बंद झाला होता. "सगळी वस्ती शाळेत? एवढ्या लवकर? शाब्बास, रिबेका! बघ, आपली सिस्टिम कशी चालली. संघटनेच्या पुढच्या परिषदेत आपण हेच मांडू." तिनं फोन बंद केला.

आनंदराव उठून उभे राहिले. त्यांचेही डोळे लाल झाले होते. "मंडळी," ते म्हणाले, "आज मॅडम नसत्या तर आपलं काय झालं असतं, इचार करा. जिलेबीचं निमित्त करून आपल्याला हितं आनलं. देव मानूस हाय." आणि त्यांनी टाळी वाजवली. खोकणाऱ्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. कारखान्यात, पुण्यात, परिषदेत कितीदा टाळ्या घेतल्या होत्या तिनं. या टाळ्या तिला अंगावर घेता येईनात. तोंडात मारल्यासारखं झालं तिला.

"नका वाजवू," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. मग मोठ्यानं म्हणाली, "टाळ्या नका वाजवू! आप्पा, खाली बसा. भोंगा वाजला की शाळेतच यायचं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. कागदावरसुद्धा तसंच होतं. गेटावर मी बोलावलं तुम्हाला. फोटोत कंपनीची पाटी यावी म्हणून. तुम्ही आज गॅसमध्ये चालत आलात ते मी शिकवलं म्हणून."

टाळ्या थांबल्या. आनंदराव तसेच उभे राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोणीतरी दगड उचलला असता तरी ती हलली नसती.

धुरपदाआजी भिंतीला टेकून बसली होती. गाडी गेली त्या रस्त्यावरून तिनं नजर काढली नव्हती. रिबेका तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली.

"आजी, माझं चुकलं."

"न्हाई वो मॅडम, तुमचं कशानं?" आजीला धड बोलता येत नव्हतं, मध्येमध्ये श्वास घ्यावा लागत होता. "चुकलं माझंच. वास घरातच आला व्हता. नीलम म्हनत व्हती, आत्या, दार लावून आत बसू, हे काय खरं दिसत न्हाई. मीच वराडले तिच्यावर. म्हनलं, मॅडमनी बोलावलंय, तितं आपल्याला काय व्हनार हाय? आन् हाताला धरून वढत आनलं मी तिला."