तणमोर दिसेपर्यंत वांगे वर्ज्य

हिवरखेडच्या ओमप्रकाशने वांगे सोडले, तेव्हा ते फार तर आठवडाभरासाठी सोडत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या पंगतीत पाखरांच्या गप्पा रंगल्या होत्या, आणि त्या भरात वांग्याच्या रश्शात बुडवलेला घास हातात धरून त्याने जाहीर केले, "आता तणमोर दिसल्याबिगर वांगं तोंडात घालनार नाई!" घास ताटात परत गेला. त्या गोष्टीला सात वर्षे झाली.

इष्ट हेतू साधेपर्यंत आवडता पदार्थ सोडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यात गैर काही नाही; मात्र सोडणाऱ्याने आपला धंदा कोणता, याचा आधी विचार करावा. ओमप्रकाश वांगी पिकवत असे. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारात एखादे गिऱ्हाईक विचारी, "तुमी सोता खाता का हे?" खोटे बोलणे स्वभावात नसल्यामुळे तो "नाई" म्हणे आणि तणमोराची हकिकत सुरू करी. ती संपेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर पोचलेले असे.

तणमोर हा कोंबडीएवढा, लाजाळू आणि अत्यंत दुर्मीळ पक्षी. पावसाळ्यात त्याचा काळा-पांढरा नर उंच गवतातून एकाएकी वर उडी घेतो, निमिषभर हवेत दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. त्याचे दर्शन होते ते एवढेच. एवढ्याने कोणाचे समाधान कसे होते, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी पक्षी पाहण्याच्या भानगडीत पडू नये.

यंदा भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचे विसर्जन झाले आणि ओमप्रकाशच्या मोनालीला स्थळ आले. मुलाचे वडील गोवर्धनजी जुन्या शहरातले भाजीचे व्यापारी. बाजारातली कुजबुज त्यांच्याही कानांवर गेली होती. त्यांनी निरोप धाडला: रविवारी रोडगे खायला येतो, मुलीचा बाप आपल्या शेतातले वांगे आमच्या पंगतीला बसून खाईल, तरच पुढचे बोलू. जो माणूस आपला माल खात नाही, तो त्यावर काय फवारतो कोण जाणे.

"आता काय करता?" माणिकबाईंनी नवऱ्याला विचारले.

"नवस हाय. मोडता येत नाई."

"पोरीचं लगन मोडता येते?"

"रविवारच्या आत तणमोर दिसन."

"सात वर्सं नाई दिसला, तो आता तुमच्या इवायाच्या सोयीनं येनार हाय का?"

परंतु शनिवारी सकाळी गावातले नत्थुजी दारात उभे राहिले. "ओमप्रकाश, माह्या पडितात काळं काईतरी उडून राह्यलं. वर येते अन् खाली जाते."

ओमप्रकाशने चहाचा कप खाली ठेवला नाही. तो हातातच घेऊन निघाला.

पाऊस भुरभुरत होता. त्याने अंगावर काळ्या घोंगडीची खोळ आणि गळ्याभोवती पांढरा दुपट्टा घेतला होता. त्या पडीक रानातले गवत त्याच्या डोक्याच्याही वर होते, कारण ओमप्रकाश उंचीने बेताचा होता. पलीकडचे काही दिसेना. तेव्हा त्याने जागच्या जागी उडी मारली. आणि त्याच क्षणी, पडिताच्या दुसऱ्या टोकाला, काहीतरी काळे-पांढरे गवताबाहेर आले आणि गडप झाले!

खात्री करण्यासाठी त्याने पुन्हा उडी मारली. तेही पुन्हा उडाले. हा प्रकार दोन्ही बाजूंचा दम संपेपर्यंत चालला. नत्थुजी धुऱ्याच्या बांधावर बसून शांतपणे बिडी ओढत होते.

संध्याकाळी ओमप्रकाशने अमरावतीला देवानंदसरांना फोन केला. सर महाविद्यालयात शिकवत आणि त्यांनाही जन्मात एकदा तणमोर पाहायचा होता. "सर, दिसला!"

"अरे वा! योगायोग पाहा, मलाही आजच दिसला. फोटोसकट."

"कुठं?"

"असाच, एका ठिकाणी. तुम्हाला?"

"असाच, एका ठिकानी."

आपल्याला पक्षी मनसोक्त दिसेपर्यंत जागा कोणाला सांगायची नाही, असा पक्षीनिरीक्षकांचा शिष्टाचार आहे. तो शिष्टाचार नसून मत्सर आहे, असे काही जण म्हणतात. एकच गोष्ट दोन्ही असू शकते, हे ते विसरतात. ओमप्रकाशने आनंदाच्या भरात सरांना जेवायला बोलावले. नत्थुजींना तर बोलावणे भागच होते.

रविवारी शेतात पंगत बसली. गोवर्धनजी ओमप्रकाशच्या समोर बसले आणि डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "घ्या इवाईजी. पयला घास तुमचा."

ओमप्रकाशने हात जोडले, तणमोराचे स्मरण केले आणि अख्खे वांगे तोंडात घातले. माणिकबाईंचे डोळे भरून आले.

नेमक्या त्या वेळी देवानंदसरांना आपला तणमोराचा फोटो पाहुण्यांना दाखवण्याची बुद्धी झाली. "थोडा अस्पष्ट आहे. उडी फार जलद असते."

नत्थुजींनी मान लांब करून पाहिले. "हे तं ओमप्रकाशची खोळ हाय."

"काय?"

"इकडून ओमप्रकाश उडून राह्यला होता, तिकडून तुमी. काळा रेनकोट अन् गळ्यात पांढरा रुमाल. तुमी काल मोटरसायकल पळसामागं लपवली होती ना?"

सरांचा चेहरा पडला. ओमप्रकाशचा जबडा थांबला; वांगे डाव्या गालात तसेच राहिले.

"मंग सांगतलं कावून नाई?" माणिकबाई कडाडल्या.

"मले वाटलं, त्या पाखराले असंच बलावतात," नत्थुजी म्हणाले. "आलंही होतं बाप्पा. तुमच्या दोघाईच्या मधातून काळं पाखरू पायी पायी निघालं, माह्या जवळून गेलं. लय भेलं होतं."

गोवर्धनजींची नजर त्या फुगलेल्या गालावरून ढळली नाही. "थांबले कावून, इवाईजी?"

ओमप्रकाशने डोळ्यांनीच बायकोला विचारले: गिळू की थुंकू? आणि ज्या प्रश्नावर पंडितांनी आठवडाभर वाद घातला असता, त्याचा निकाल माणिकबाईंनी हातातला रश्शाचा पळा न ठेवता दिला.

"सराईले तणमोर दिसला. तो कोन होता? तुमी. म्हंजे तणमोर तुमीच. सात वर्सं रोज दाढी करताना आरशात पायता त्याले. गिळा!"

त्याने गिळले.

गोवर्धनजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाई, तुमची पोरगी बी अशीच बोलते काय?"

"माह्याहून जादा."

"मंग माह्या पोराचं कल्यान झालं. सोयरीक पक्की!"

सर्वांनी ओमप्रकाशकडे पाहिले. सात वर्षांनी वांगे कसे लागले, हे ऐकण्याची प्रत्येकाला उत्सुकता होती. तो पाणी प्याला आणि त्याने तोंड उघडले.

"नत्थुजी, पायी गेलं ते कोन्या अंगानं?"

"पळसाकडे."

देवानंदसर एव्हाना चपला शोधत होते. ओमप्रकाशनेही एक गुडघा उचलला होता, तोच माणिकबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक वांगे आदळले.

"पंगत उठल्याबिगर," त्या म्हणाल्या, "कोनी उडी मारनार नाई."