सोसायटीपुढचा बिब्बा

मी बिब्बा बोलतोय. घाबरू नका, माझ्या बोलण्याने अंगावर फोड येत नाहीत. तेलाने येतात, धुरानेही. त्याला इथे ‘बिब्बा उतला’ म्हणतात. दुसऱ्याच्या कामात खोडा घालणाऱ्यालाही तुम्ही माझंच नाव चिकटवलंत, न विचारता.

घाटनांदूरजवळच्या माळावर मी वाढलो. पुढे माझ्याच सावलीत गावच्या शेतकी सोसायटीचं ऑफिस उभं राहिलं.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी पुरेना, तेव्हा भिवराबाई रोज माझ्याखाली येऊ लागली. काळं बी वेगळं काढायचं, वरचं पिवळं बोंड निखाऱ्यावर भाजून नातवंडांना द्यायचं. बी फोडताना हाताला तेल आणि राख चोळायची. आत गोडंबी, पांढरी आणि गोड. विषातून जेवण काढायला तिला ठराव लागला नाही.

सोसायटीला लागला. गावात दाणा नव्हता, म्हणून तो ठेवायला गोदाम बांधायचं ठरलं. जागा निघाली माझी.

भिवराबाई सभेच्या दारात उभी राहिली.

“राधाकिशन, झाड गेलं तर लेकरं काय खातील?”

“काकू, इखारी झाड हाय ते,” चेअरमन म्हणाले.

“इख मी काढते की. तू कावून काळजी करतूस?”

संचालक हसले. चहा हवा होता, सरपण नव्हतं. चेअरमननी सुग्रीव शिपायाला सांगितलं, “ह्याच्याच वाळक्या फांद्या घाल. न्हाई तरी तोडायचाच हाय.”

“मालक, धुरानं उततंय.”

“लोकांला उततंय बे. आपण संचालक मंडळ हाय.”

चूल खिडकीखाली होती आणि वारा आत वाहत होता. सुग्रीव तोंडाला उपरणं बांधून लांब उभा राहिला. चहा होईपर्यंत ठराव मंजूर झाला. सह्या सकाळी करायच्या होत्या.

सकाळी एकाही संचालकाचा डोळा उघडेना. त्या वर्षी अख्ख्या तालुक्यात तेवढेच गाल भरलेले होते.

उतल्यावर तीळ-खोबरं वाटून लावतात. दुष्काळात ते जपून ठेवलं होतं एकट्या भिवराबाईने. माझ्याशी रोजचा व्यवहार होता तिचा. सुग्रीवने चेअरमनना हाताला धरून तिच्या ओट्यावर नेलं.

“कोण हाय?” तिने समोर बघत विचारलं.

“मी, राधाकिशन.”

“वळखू येईना बाबा. बस. झाडाचं काय ठरलं?”

“एकमतानं ठरलंय, काकू.”

तिने वरवंटा थांबवला.

“…ऱ्हाऊ द्यायचं म्हणून,” चेअरमननी ठराव पुरा केला.

गोदाम ओढ्यापलीकडे झालं. भिवराबाई गेली, आता तिची नातसून बी फोडते आणि गोडंबी डिंकाच्या लाडवात घालते. मला तोडायचा विषय अधूनमधून निघतो. मग एखादा म्हातारा संचालक विचारतो, “चहा कशावर करायचा?” आणि विषय पुढच्या सभेवर जातो.

विनंती एवढीच: बोंडं पिवळी झाली की या, पण हाताला तेल लावून या. आणि सभा भरवायचीच असेल, तर चहा घरून घेऊन या.